शके १९४२ : वऱ्हाडातील कुटुंबाचे एक वर्ष

शालिवाहन शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर, यास बुधवार दि. २५ मार्च २०२० रोजी आरंभ झाला. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होय. वऱ्हाडातील घरांवर त्या दिवशी गुढ्या उभारल्या गेल्या, परंतु त्या पाहावयास रस्त्यावर कोणी नव्हते. या वर्षी आश्विन मास अधिक होता. त्यामुळे हे वर्ष तेरा महिन्यांचे झाले, आणि १३ एप्रिल २०२१ च्या पाडव्याने जेव्हा त्याची जागा नव्या संवत्सराने घेतली तेव्हा अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात होते. शार्वरी म्हणजे रात्र. परंतु पंचांगातील नावांवरून इतिहासाची अनुमाने काढण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा.

महामारीचे लेखन बहुधा लाटांच्या हिशोबाने होते : रुग्णसंख्या केव्हा चढली, केव्हा उतरली, शासनाने कोणते निर्बंध घातले. आरोग्यप्रशासनाच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. तथापि कुटुंब हे अभ्यासाचे एकक धरले तर याच वर्षाचा घाट निराळा दिसू लागतो. वऱ्हाडी कुटुंबाच्या अनुभवात या वर्षाचा पूर्वार्ध हा मुख्यतः पुनर्भेटीचा होता आणि वियोग उत्तरार्धात आला. जी माणसे पोटापाण्यासाठी दूर गेली होती ती प्रथम घरी परतली, पुष्कळ महिने एकत्र राहिली आणि त्यानंतर घरातील माणसे गेली. हा क्रम ध्यानात न घेता त्या वर्षाच्या शोकाचे स्वरूप नीट कळावयाचे नाही.

तुलनेसाठी शके १८४० कडे, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाकडे पाहणे अवश्य आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत दिसलेली ती साथ पावसाळ्याच्या अखेरीस उग्र रूपाने परतली आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा हिंदुस्थानातील सर्वाधिक मृत्यू सोसणाऱ्या प्रांतांपैकी एक ठरला. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडला होता व धान्य महाग झाले होते. १९११ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे ३० लाख ५७ हजार होती. १९२१ मध्ये ती सुमारे ३० लाख ७५ हजार भरली. एका दशकाची वाढ जवळजवळ पुसली गेली. मृतांत वीस ते चाळीस या वयाची माणसे विशेष होती आणि देशाच्या बहुतेक भागांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. अर्थात घराचा मधला खांबच मोडला. गावच्या नोंदीत यांपैकी बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या एकाच सदराखाली गेले. हिंदी कवी निराला यांनी त्या साथीत पत्नीसह घरातील अनेक माणसे गमावली व पुढे ‘कुल्ली भाट’ मध्ये ते लिहून ठेवले. असे भाग्य, याला भाग्य म्हणावयाचे असल्यास, फार थोड्या घरांच्या वाट्याला आले. परंतु एक गोष्ट निश्चित : १९१८ च्या कुटुंबास दूरदेशी असलेल्यांची वाट पाहण्याचा प्रसंग तुलनेने कमी होता. माणसे एका छपराखाली आजारी पडत व एका छपराखाली मरत. शंभर वर्षांनंतरच्या कुटुंबाची ठेवण तशी राहिलेली नव्हती.

२०२० च्या वऱ्हाडी कुटुंबाची सामान्य ठेवण पुढीलप्रमाणे सांगता येईल. आईवडील गावी, दर्यापूर, अकोट वा मूर्तिजापूर तालुक्यात; एक मुलगा शेतीवर; दुसरा पुण्यात नोकरीस वा शिक्षणास; मुलगी शेजारच्या जिल्ह्यात दिलेली. मेळघाटातील कोरकू कुटुंबांची ठेवण वेगळी, पण तीही अशीच विखुरलेली : होळीसाठी गावी येऊन पुन्हा मैदानी भागातील शेतांवर, वीटभट्ट्यांवर वा बांधकामांवर गेलेली जोडपी. २२ मार्चपासून प्रवासी गाड्या थांबल्या, एस.टी. उभी राहिली. पुढे मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्यावर, आणि त्याआधीही मिळेल त्या वाहनाने अथवा पायी, माणसे परतू लागली. परतणाऱ्यास घर लगेच मिळत नसे. डाव्या हातावर शिक्का आणि चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, अशी पुष्कळ गावांत रीत पडली. ज्या वर्गात मुलगा पाढे शिकला त्याच वर्गात तो निजत असे, आणि आई पायरीवर डबा ठेवून दूर उभी राहत असे. पुनर्भेटीचा हा पहिला टप्पा असा अंतर राखून झाला.

घरात आल्यावर त्यांना जागा अपुरी पडली, याचे एक कारण कापूस होते. टाळेबंदीने सरकी-गाठींचे कारखाने व शासकीय खरेदी थांबली. होळीपर्यंत विकला जावयाचा माल जूनपर्यंत घरात पडून राहिला. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात साठवलेला कापूस अंगास खाज आणतो, हे तेथील प्रत्येकास ठाऊक आहे. पाऊस तोंडावर आला असताना ओसरीत कापूस, आतल्या खोलीत माणसे, आणि बियाण्यास पैसा नाही, अशी स्थिती पुष्कळ घरांची होती. पुढे पेरलेले सोयाबीन अनेक ठिकाणी उगवलेच नाही व दुबार पेरणी करावी लागली. दिवसभर घरी असणाऱ्या इतक्या माणसांचे रांधणे, शिवाय कुरडया, पापड, शेवया यांचे उन्हाळी काम, हे सर्व स्त्रियांवर पडले. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. एकत्र राहण्याचे सुख ज्यांनी वर्णिले ते बहुधा पुरुष आहेत.

या काळातील सर्वांत विलक्षण गोष्ट जिल्ह्याच्या सीमेची होय. अमरावती व अकोला हे जिल्हे प्रशासनाने आखलेले. दर्यापूर व मूर्तिजापूर हे लगतचे तालुके दोन जिल्ह्यांत पडतात, याची सोयरीक जुळविताना कोणी कधी पर्वा केली नव्हती. एका दुपारी जाऊन संध्याकाळी परत येण्याइतके माहेर जवळ होते. २०२० च्या उन्हाळ्यात प्रथमच ही रेषा लेकीला ओलांडता येईना. जिल्ह्याबाहेर जावयाचे तर परवाना हवा, आणि तो मिळण्यास कारण सबळ हवे. आईला पाहावेसे वाटते हे कारण सबळ समजले जात नसे. आंतरजिल्हा एस.टी. २० ऑगस्टला सुरू झाली, परवान्याची अट २ सप्टेंबरला उठली, आणि १८ सप्टेंबरला अधिक मास लागला. धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयांना वाण देण्याची चाल आहे. रुग्णसंख्येच्या आलेखावर देशातील पहिल्या लाटेचे शिखर याच आठवड्यात येते; कुटुंबाच्या आठवणीत मात्र हाच महिना लेक घरी आल्याचा म्हणून राहिला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीचा दुसरीशी संबंध नसेलच असे म्हणवत नाही.

सण झाले, पण आक्रसून. आषाढी वारीस कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमातेची पालखी एस.टी. बसने पंढरपुरास गेली. गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी आणून राजराजेश्वरास घालण्याचा अकोल्याचा कावडोत्सव प्रतीकरूपाने पार पडला; पोळ्यास बैल घरच्या अंगणात पुजले गेले. लग्नास पन्नास आणि अंत्यविधीस वीस माणसे, अशी मर्यादा होती. लग्नकार्य व तेरवी यांसाठी कर्ज काढू नये असे याच भूमीतील गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून सांगितले होते. जे उपदेशाने झाले नाही ते आदेशाने काही काळ झाले. त्यास सुधारणा म्हणता येत नाही, कारण निर्बंध सैल होताच मांडव पुन्हा मोठे झाले.

मृत्यूचा प्रश्न मात्र खर्चाचा नव्हता. अमरावती शहरातील पहिल्या रुग्णाचे निदान एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात, त्याच्या मृत्यूनंतर झाले; अकोल्यातही काही दिवसांतच रुग्ण आढळला. आरंभी नमुने नागपुरास पाठवावे लागत. पुढे अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि मे महिन्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात तपासणीची सोय झाली. प्रेत घरी आणता येत नसे, अंघोळ घालता येत नसे, मुख पाहता येत नसे. भीतीमुळे वा अडकून पडल्यामुळे आप्त येऊ शकले नाहीत अशा मृतांचे अंत्यसंस्कार अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी केले. हिंदू मृतांना त्यांच्या रीतीप्रमाणे अग्नी देण्याचे कामही त्यांनी पत्करले. वऱ्हाडच्या सामाजिक इतिहासात या प्रसंगाची नोंद व्हावयास पाहिजे, कारण पुत्राने करावयाचे कृत्य परक्याने केले आणि कुटुंबांनी ते मान्य केले.

हिवाळ्यात दडपण उतरले. नोव्हेंबरअखेर वरच्या वर्गांच्या शाळा उघडल्या, पुण्यास जाणारे पुण्यास गेले, लग्ने होऊ लागली, १५ जानेवारी २०२१ रोजी ग्रामपंचायतींचे मतदान झाले. आणि राज्यात अन्यत्र शांतता असताना फेब्रुवारीत साथ प्रथम येथेच उसळली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर ही शहरे बंद झाली. अकोला, अकोट व मूर्तिजापूर येथेही त्याच सुमारास टाळेबंदी लागली. देशाच्या दृष्टीने दुसरी लाट एप्रिलची. वऱ्हाडच्या दृष्टीने ती माघातली. आता संसर्ग एकेका व्यक्तीस न गाठता सबंध घरास गाठू लागला, आणि आधीच्या वर्षी जे घर भरले होते तेच रिकामे होऊ लागले. १९१८ शी साम्य दिसते ते येथे. भेद हा की यावेळी माणसे घरात न मरता रुग्णालयात, नातलगांच्या दृष्टीआड मरण पावली. शेवटचा संवाद पुष्कळदा दूरध्वनीवरचा होता.

या मृत्यूंचे दप्तर विपुल आहे. मृतामागे ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य, दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे ५ लाखांची ठेव, विधवांसाठी ‘मिशन वात्सल्य’, यांमुळे अर्ज, दाखले व वारसांची प्रतिज्ञापत्रे यांचा मोठा संग्रह जिल्हा कार्यालयांत जमला. १९१८ च्या ‘ताप’ या एका शब्दाच्या मानाने ही सामग्री फार समृद्ध होय. परंतु समाचारास कोण आले नाही, तेरवी किती माणसांत झाली, अस्थी किती दिवस थांबल्या, हे अर्जात विचारलेले नाही. त्यासाठी घरोघर जाऊन विचारावे लागेल, आणि जाणती माणसे हयात आहेत तोवरच ते शक्य आहे.

अक्षय्यतृतीयेस वऱ्हाडात मातीचे घट भरून पितरांना पाणी देतात. २६ एप्रिल २०२० रोजी कुंभारांचे घट विकले गेले नाहीत आणि कित्येक घरांनी घरातल्याच तांब्यावर भागविले. १४ मे २०२१ रोजी पितरांत नवी नावे आली होती, पण ती उच्चारली जात असताना ऐकावयास सोयरे नव्हते. राज्यातील निर्बंध २०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास उठले. त्या चैत्र-वैशाखात दुसऱ्या लाटेतील मृतांची वर्षश्राद्धे आली आणि ज्यांना तेरवीस येता आले नव्हते ते पुण्याहून, नागपूरहून, शेजारच्या जिल्ह्यातून आले. ३ मे रोजी पुन्हा अक्षय्यतृतीया आली, तेव्हा घट भरताना त्यांपैकी काहीजण अजून गावीच होते.