चितळकर : स्विंगच्या ठेक्यावरचा मराठी गळा

चितळकर, रामचंद्र नरहर (१२ जानेवारी १९१८ – ५ जानेवारी १९८२). हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि पार्श्वगायक. जन्म तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे. संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र, मित्रमंडळींत अण्णा आणि गायक म्हणून नुसते ‘चितळकर’. शिवाय चित्रपटांच्या श्रेयनामावलीत राम चितळकर, अण्णासाहेब आणि श्यामू अशीही नावे त्यांनी वापरली. त्यामुळे झाले असे, की गाणे तोंडपाठ असलेल्या पुष्कळ रसिकांना गाणारा आणि चाल लावणारा एकच माणूस आहे, हे फार उशिरा कळले.

संगीतकार सी. रामचंद्रांवर भरपूर लिहिले गेले आहे. गायक चितळकरांकडे मात्र संगीतकाराची हौस म्हणूनच पाहिले जाते, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे. अमेरिकेत १९३५ ते १९४५ या दशकात स्विंग संगीताचे जे मोठे बँड गाजले, त्यांच्यापुढे उभे राहून गाणाऱ्या गायकाच्या जातीचा आवाज मराठी मुलखातून कोणाचा आला असेल, तर तो चितळकरांचा.

त्या जातीची ओळख आधी करून घ्यायला हवी. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडने नाचणाऱ्या तरुणांना वेड लावले आणि तिथून स्विंगचा काळ सुरू झाला, असे इतिहासकार मानतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या रांगा आणि मागे ड्रम, बास, पियानो, गिटार असा हा दहा-पंधरा वादकांचा ताफा. त्यात गायकाचे स्थान दुय्यम होते. तो बाजूच्या खुर्चीवर बसून राहायचा, मध्येच उठून एखादे कडवे गायचा आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायचा. एला फिट्झगेराल्ड चिक वेबच्या बँडमध्ये अशीच वाढली आणि १९३९ मध्ये वेब वारल्यावर तो बँड तिच्या नावाने चालू लागला. फ्रँक सिनात्रा आधी हॅरी जेम्सकडे आणि मग टॉमी डॉर्सीकडे नोकरीला होता. मायक्रोफोन आल्यामुळे मोठ्या आवाजाची गरज उरली नव्हती. गरज होती ती लयीची, आणि सहज बोलल्यासारखे गाता येण्याची.

चितळकरांना अशा बँडची खुर्ची कधी मिळाली नाही. त्यांची सुरुवात अगदी वेगळ्या वळणाची. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शास्त्रीय गाणे शिकले. पडद्यावर नायक व्हायचे होते. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ (१९३५) या चित्रपटात ती संधी मिळाली, पण पुढे काही जमले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते तिथल्या संगीतकारांच्या हाताखाली पेटी वाजवू लागले. स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिले काम मिळाले तेही तमिळमध्ये, ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या चित्रपटांत. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत पाय रोवला. याच वाटेवर त्यांना भगवान आभाजी पालव म्हणजे भगवानदादा भेटले. गिरणी कामगाराच्या घरातला हा नट-दिग्दर्शक पुढे चितळकरांच्या आवाजाचा पडद्यावरचा चेहरा झाला.

स्विंग त्यांच्यापर्यंत पोहोचले ते गोवेकरांमुळे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे एकेक कलावंत येत राहिले. त्यांचे वाजवणे कान देऊन ऐकणारे आणि लवकरच त्यांच्या शेजारी बसून वाजवू लागलेले तरुण बहुतेक गोव्याचे होते. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी लिहिणे-वाचणे ते लहानपणीच शिकलेले. बार्देश तालुक्यातल्या हळदोण्याचा अँतोनियो शाव्हियेर वाझ (१९१६–१९६७) त्यांतलाच. ट्रम्पेट हाती घेऊन तो ‘चिक चॉकलेट’ झाला आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. गोरे साहेब गेले, मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले, तसे हे वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. मराठी संगीतकाराने पेटीवर चाल सांगायची आणि गोवेकर सहायकाने ती ऐकता ऐकता कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून काढायचा, अशी कामाची पद्धतच पडली. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे सहायक होते, जॉन गोम्स हेही होते. हॉटेलातला बँड असा चितळकरांच्या पाठीशी स्टुडिओत येऊन बसला.

पहिला मोठा दणका ‘शहनाई’चा (१९४७). प्यारेलाल संतोषींनी लिहिलेले ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे गाणे चितळकर, मीना कपूर आणि शमशाद बेगम यांनी गायले. त्यात सॅक्सोफोन आहे, गिटार आहे, माऊथऑर्गन आहे आणि चक्क शीळही आहे. ब्रँडी आणि कोंबडीची अंडी यांचे आमिष दाखवणारा हा साहेबी प्रियकर चितळकरांनी ज्या थाटात उभा केला, त्याला गायकी म्हणायचे की नकला, असा प्रश्न तेव्हाच्या सोवळ्या कानांना पडला असेल. पण शब्द कुठे तोडायचा, ठेक्याच्या किंचित मागे राहून तो कधी टाकायचा, याचे भान त्या आवाजात पक्के आहे. दोन वर्षांनी ‘पतंगा’त (१९४९) शमशाद बेगम यांच्याबरोबर त्यांनी ‘मेरे पिया गये रंगून’ गायले. रंगून आणि डेहराडून यांच्यामधला हा टेलिफोन. त्यात चितळकरांच्या वाट्याला लांबच्या नवऱ्याचा काहीसा खट्याळ, काहीसा केविलवाणा सूर आला आणि तो त्यांनी बोलण्याच्या इतका जवळ नेला, की तान घ्यायला जागाच उरली नाही.

मग १९५१ चा ‘अलबेला’. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, गीते राजेंद्र कृष्ण यांची. ‘शोला जो भडके’ हे गाणे नीट ऐकावे. बोंगोवर पाया बांधलेला, वर क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांची ये-जा. लता मंगेशकरांचा आवाज सरळ, तीरासारखा येतो. चितळकर त्याच्या शेजारी मुद्दाम सैल राहतात. सूर जेमतेम लावून सोडून देतात आणि उरलेले काम वाद्यांना करू देतात. आपण पुढे आणि बँड मागे असा थाट नाही, गळा त्या ताफ्यातलेच एक वाद्य होतो. ‘दीवाना परवाना’ या गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचे वादक झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरच दिसतात. हिंदी चित्रपटातल्या स्विंगचा इतका थेट पुरावा दुसरा नाही. याच चित्रपटात ‘धीरे से आजा री अँखियन में’ ही पिलू रागाच्या अंगाची अंगाईही आहे, म्हणजे गांधर्व महाविद्यालय विसरले गेलेले नव्हते.

सोलापूरच्या बाजूचा एक धागा इथे जोडायला हवा. ‘समाधी’ (१९५०) मधले ‘गोरे गोरे ओ बाँके छोरे’ हे लॅटिन अमेरिकन वळणाचे गाणे लताबाईंबरोबर गायल्या त्या अमीरबाई कर्नाटकी. जुन्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या, म्हणजे सोलापूरपासून दक्षिणेला गेल्यावर लागणाऱ्या मुलखातल्या. गझल-भजनात मुरलेला त्यांचा गळा चितळकरांनी या नाचऱ्या लयीत बेधडक बसवला. अशी गाणी सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावांत कशी पोहोचली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेऊन ठेवली. लग्नाच्या वरातीत तर कोणाचीच बंदी नव्हती. बँडवाल्यांकडे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट होतेच, त्यामुळे ‘अलबेला’तले ‘भोली सूरत दिल के खोटे’ वाजवायला त्यांना नवीन वाद्य आणावे लागले नाही. ताजमधल्या नाचाचा ठेका अशा रीतीने नवरदेवाच्या घोड्यापुढे आला. सोलापुरातली वरातही याला अपवाद नव्हती.

गायक म्हणून चितळकरांच्या मर्यादा उघड आहेत. आवाज पातळ, पल्ला बेताचा. संथ गाण्यात ते तलत महमूदच्या छायेत जातात. ‘आझाद’ (१९५५) मधले ‘कितना हसीं है मौसम’ हे युगुलगीत तलतसाठीच होते, तो वेळेवर मिळेना म्हणून यांनी गायले, असे सांगतात. ते खरे वाटावे इतकी ती छाया गडद आहे. आझादचे सगळे संगीत त्यांनी महिन्याभरात उरकले, हीही चित्रसृष्टीतली आवडती कथा. ‘शिनशिनाकी बूबला बू’ (१९५२) मध्ये निरर्थक अक्षरांवर गाण्याचा जॅझमधला प्रकार त्यांनी हिंदीत आणला. ‘आशा’ (१९५७) मधल्या ‘ईना मीना डीका’च्या वेळी मात्र त्यांनी माइक किशोर कुमारकडे दिला. खोलीबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून ते सुचले आणि त्यातला कोकणी तुकडा गोम्स यांनी घातला, अशी हकिकत आहे. तोवर स्विंग मागे पडून रॉक अँड रोल आले होते, आणि त्या उसळीला लागणारा गळा आपला नव्हे, हे या संगीतकाराने गायकाला परस्पर सांगून टाकले.

पुढचा काळ उताराचा. लताबाईंशी बिनसले. ‘नवरंग’ (१९५९) गाजला, पण त्यानंतर कामे कमी होत गेली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंसमोर लताबाईंनी गायलेल्या कवी प्रदीपांच्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चाल त्यांचीच. त्या चालीने त्यांचे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आणले, काम मात्र फारसे आणले नाही. मराठीत ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली लावल्या. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या चित्रपटांना संगीत दिले आणि त्यांत कामही केले. ‘घरकुल’मध्ये ‘मलमली तारुण्य माझे’च्या जोडीला ‘हाऊस ऑफ बांबू’ या इंग्रजी गाण्यावर बेतलेले ‘नंबर फिफ्टी फोर’ आहे. मराठी चित्रपटात पाश्चात्त्य नाचगाण्याला इतकी मोकळी जागा तेव्हा क्वचित मिळे.

‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ मध्ये आले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भगवानदादांवरच्या ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटात मंगेश देसाई आणि विद्या बालन यांच्यावर ‘अलबेला’तले नाच पुन्हा चित्रित झाले.