जलजीवालयातील पाण्याचे परिपक्वन

नव्या जलजीवालयातील पाणी माशांच्या वास्तव्यास योग्य करणारी सूक्ष्मजैविक प्रक्रिया. माशांच्या उत्सर्गातून व उरलेले अन्न कुजून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजीव त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात ऑक्सिडीकरण करतात. पहिली दोन संयुगे अल्प प्रमाणातही माशांना घातक असतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. वाळूवर व गाळणीत हे सूक्ष्मजीव पुरेसे वाढण्यास साधारणपणे ४ ते ६ आठवडे लागतात.

या प्रक्रियेचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी १८४९ मध्ये सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती एकत्र ठेवली आणि कुजणारी पाने खाण्यासाठी गोगलगायी सोडल्या. प्राणी व वनस्पती यांच्या समतोलामुळे पाणी शुद्ध राहते, असे त्यांनी दाखविले. अमोनियाचे काय होते, याचे उत्तर मात्र सांडपाणी व शेतजमीन यांच्या अभ्यासातून मिळाले. १८७७ मध्ये श्लेसिंग व म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपविले. क्लोरोफॉर्मची वाफ देताच नायट्रेट बनणे थांबले. यावरून हे सजीवांचे कार्य असल्याचे सिद्ध झाले. वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र (१८३८–१९०७) यांनी रॉथॅम्स्टेड येथे या क्रियेचे दोन टप्पे दाखविले. पित्याच्या पात्रातील न उलगडलेला दुवा असा पुत्राला मातीत सापडला. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे केले. दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जीवाणू २०१५ मध्ये आढळले.

मराठवाड्यात या ज्ञानाला विशेष महत्त्व आहे. नांदेडला विष्णुपुरी जलाशयातून, तर लातूरला मांजरा धरणातून पाणीपुरवठा होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही मारतो. म्हणून ते एक-दोन दिवस उघडे ठेवून वापरतात. बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड व क्षारीय असते. क्षारीयता सूक्ष्मजीवांना पोषक असली, तरी तिच्यामुळे अमोनियाची विषाक्तता वाढते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत दूषित पाणी वारंवार बदलणे शक्य नसते. त्यामुळे जुन्या टाकीतील थोडी वाळू नव्या टाकीत घालणे, सुरुवातीस मोजकेच मासे सोडणे आणि गाळणी टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुणे हितावह ठरते. नायट्रेटयुक्त जुने पाणी झाडांना घातल्यास तेही वाया जात नाही.