पाय कधी सुटावा? स्की-बाइंडिंगच्या आकड्याचा इतिहास

भंडारदऱ्यात जमून आपण बर्फावरच्या स्कीबद्दल बोलतोय, हे काहींना गमतीचं वाटेल. पण कळसूबाई, रतनगड चढून तयार झालेली आपली मुलं हिवाळ्यात गुलमर्गला, औलीला स्कीइंग शिकायला जातात. तिथे बूट स्कीला जोडणाऱ्या बाइंडिंगवर एक आकडा दिसतो. पडताना किती जोर आला की बूट सुटायचा, हे तो आकडा ठरवतो.

आपलंच धरण बघा ना. १९२६ साली पूर्ण झालेली ही भिंत प्रवरेचं पाणी अडवते; पण जादा पाणी सांडव्यावरून वेळेत गेलं, तरच भिंत सुखरूप राहते. बाइंडिंगचंही तसंच आहे.

पूर्वीची बाइंडिंगं पाय नुसता धरून ठेवत. माणूस पडला की लांब स्की तरफेसारखी फिरायची आणि पीळ बसून नडगी मोडायची. मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू यालमार वाम याचाही पाय १९३७ मध्ये असाच मोडला. त्यातूनच त्याने पंजाकडून सुटणारं बाइंडिंग बनवलं.

मग नवा प्रश्न आला: सुटावं, पण किती जोराला? फार सैल ठेवलं तर साध्या वळणावर स्की निघून जाते. फार घट्ट ठेवलं तर हाड जातं. युरोपात एके काळी नडगीच्या वरच्या टोकाची रुंदी मोजून आकडा काढत. आज वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची शैली यांवरून तक्ता पाहतात. वय ५० किंवा जास्त असेल, तर आकडा एक पायरी खाली येतो.

अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये जॉन्सन, एटलिंगर आणि शीली यांनी १९७२ पासून स्कीइंगच्या दुखापतींच्या नोंदी ठेवल्या. नडगी मोडण्याचं प्रमाण खूप घटलं, गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती मात्र तशा घटल्या नाहीत. कारण हा आकडा नडगी डोळ्यांपुढे ठेवून ठरलाय. तो बरोबर असला, तरी गुडघा आपणच सांभाळायचा.

तेव्हा आकडा म्हणजे मर्दुमकी नव्हे, बरं का! सोबत्याचा ८ आहे म्हणून आपलाही ८ नको. वजन आणि वय खरं सांगायचं, नवखे असलो तर तसंही सांगायचं. पंजा आणि टाच, दोन्हीकडची बाइंडिंगं जाणकाराकडून लावून, तपासून घ्यायची, आणि मगच उतारावर जायचं.