एका हाती सारे अधिकार: लखनौचा चौक आणि अवधचा सुभा

लखनौच्या जुन्या भागात चौक नावाचा बाजार आहे. उत्तरेला गोल दरवाजा, दक्षिणेला अकबरी दरवाजा, आणि मध्ये अत्तराची व चिकनकारीची दुकाने. या बाजारावर अधिकार कोणाचा चालत होता आणि तो कुठे संपत होता, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

मोगल काळात शहराचा कारभार कोतवालाकडे असे. महाराष्ट्रात आज ‘कोतवाल’ म्हटले की तलाठ्याच्या हाताखालचा गावचा सेवक डोळ्यांसमोर येतो. ते चित्र बाजूला ठेवा. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये त्याच्या कामांची लांबलचक यादी आहे. रात्रीची गस्त घालणे, घरांची नोंद ठेवणे, प्रत्येक मोहल्ल्यावर एक प्रमुख नेमून येणाऱ्या-जाणाऱ्यांची रोज खबर घेणे, वजने-मापे तपासणे, बाजारभावांवर लक्ष ठेवणे ही त्यातली काही. अधिकार मोठा दिसतो. पण जमीनमहसूल त्याच्या हाती नव्हता आणि न्यायदान काझीकडे होते. जिथे कोतवाल नसेल तिथे त्याचे काम महसूल अधिकाऱ्याने करावे, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे पद रिकामे राहिले तर काम कोणावर येईल, हे आधीच ठरलेले होते.

हीच पद्धत वरच्या पातळीवर पाहा. १५८० मध्ये अकबराने साम्राज्याचे १२ सुभे केले. अवध त्यांपैकी एक होता आणि लखनौ हे त्यातल्या पाच सरकारांपैकी एका सरकारचे ठाणे. सुभेदार हा सुभ्याचा प्रमुख, पण हिशेब दिवाणाकडे. १५९५-९६ पासून सुभ्याचा दिवाण सुभेदाराला नव्हे, तर थेट दरबारातल्या मुख्य दिवाणाला जबाबदार झाला. फौजेच्या नोंदी बक्षीकडे. घडामोडींची बातमी दरबाराला कळवणारा वाकनीस आणखी वेगळा. एकाने बंड करायचे ठरवले तरी पैसा, फौज आणि बातमी या तिन्हींवर त्याचा एकट्याचा ताबा नसे.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. शिवाजी महाराजांच्या गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे एकाच दर्जाचे अधिकारी असत, आणि कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे असे. १६९७ मध्ये लिहिलेल्या सभासद बखरीत ही व्यवस्था आली आहे. ही माणसे मुद्दाम वेगवेगळ्या जातींतून नेमली जात, जेणेकरून कोणा एकाला फितूर होऊन गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये. सुभा आणि गड यांच्या आकारात प्रचंड फरक आहे, पण शंका तीच: भरवशाचा माणूसही एकटा असता कामा नये.

आता १७२२ कडे वळू. त्या वर्षी सआदत खान बुऱ्हान-उल-मुल्क अवधचा सुभेदार झाला. लखनौत तेव्हा शेखजाद्यांचे वर्चस्व होते. त्यांच्या दरवाजावर नंगी तलवार टांगलेली असे आणि येणाऱ्याला तिच्यापुढे मान लववावी लागे, अशी आख्यायिका आहे. ते वर्चस्व सआदत खानाने मोडले. परीक्षेत विद्यार्थी हीच गोष्ट रंगवून लिहितात, मात्र खरा बदल कागदपत्रांत घडत होता. सुभेदारी, दिवाणी आणि फौजदारी या तिन्ही जबाबदाऱ्या त्याच्या हाती आल्या. दरबाराने नेमलेल्या जहागीरदारांची संख्या त्याने घटवली, जहागिरी लहान केल्या आणि रिकाम्या जागांवर आपली माणसे बसवली.

यात वाईट काय झाले, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. त्याने जहागीरदारांचे हिशेब तपासले, महसुलाची नव्याने आकारणी करवली. माझ्या मते कारभार अधिक चोख झाला. अधिकार एकवटतात ते पुष्कळदा अशा चांगल्या कामाच्या ओघात. पण हिशेब तपासणारा आता सुभेदाराचाच माणूस होता. सुभेदाराला बदलायचे तर दिल्लीच्या हाती ना त्याचा जमाखर्च होता, ना त्याच्या फौजेवरचा ताबा. १७३९ मध्ये नादिरशहाच्या स्वारीच्या धामधुमीत सआदत खान वारला आणि त्याचा भाचा व जावई सफदरजंग त्याच्या जागी आला. बदलीची जागा वारशाची झाली. बंगालमध्ये मुर्शिद कुली खानाने दिवाणीतून सुभेदारीकडे जाऊन जवळपास तेच केले.

पुढे गंमत उलटली. १७७५ मध्ये आसफ-उद-दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, पण तोवर दरबारात कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला होता. १८०१ च्या तहाने नवाबाने जवळपास निम्मा मुलूख कंपनीला दिला आणि उरलेल्या मुलखाचा कारभार कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने चालवण्याचे मान्य केले. सल्ला देणारा सुभ्याच्या रयतेला जबाबदार नव्हता. दोष मात्र नवाबाच्या माथी. १८५६ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन कंपनीने अवध खालसा केला.

चौकात आजही कोतवाली आहे. ते पोलीस ठाणे आहे. वजने-मापे दुसरे खाते तपासते, आणि घरांची नोंद तिसऱ्याच कचेरीत असते.