कावानातांगा: करारातल्या एका शब्दाची कुळकथा

४ फेब्रुवारी १८४०. न्यूझीलंडच्या उत्तरेकडचा बे ऑफ आयलंड्सचा किनारा. दुपारी चारच्या सुमारास ब्रिटिश राजसत्तेचा प्रतिनिधी कॅप्टन विल्यम हॉब्सन एका कराराचा इंग्रजी मसुदा घेऊन मिशनरी हेन्री विल्यम्सकडे आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वैतांगी इथे जमणाऱ्या, तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या सरदारांपुढे तो त्यांच्या भाषेत वाचायचा होता. हातात जेमतेम एक रात्र. विल्यम्स आणि त्याचा मुलगा एडवर्ड भाषांतराला बसले. पहिल्याच कलमात सरदारांनी आपली ‘सॉव्हरिन्टी’, म्हणजे सार्वभौम सत्ता, इंग्लंडच्या राणीला कायमची देऊन टाकायची होती. विल्यम्सने तिथे शब्द लिहिला ‘कावानातांगा’.

या शब्दाचं मूळ माओरी नाही. आपल्याकडे ‘कंपनी’ची कुंपणी झाली आणि ‘लॉर्ड’चा लाट झाला, तसा माओरी जिभेवर ‘गव्हर्नर’चा ‘कावाना’ झाला. त्याला भाववाचक ‘तांगा’ जोडला की झालं कावानातांगा: गव्हर्नरपण, गव्हर्नरचा कारभार. बायबलच्या माओरी भाषांतरात रोमन सम्राटाचा सुभेदार पॉन्शस पायलट हा ‘कावाना’ होता. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या मनात कावाना हा दूरच्या राजाने नेमलेला कारभारी होता. मुलखाचा धनी नव्हे.

धनीपणासाठी माओरीत अस्सल शब्द होता: ‘माना’. अधिकार, प्रतिष्ठा आणि पूर्वजांकडून आलेलं सामर्थ्य, सगळं त्यात येतं. विल्यम्सला तो ठाऊक होता. १८३५ साली ३४ सरदारांनी सह्या केलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं भाषांतर त्यानेच केलं होतं आणि तिथे सार्वभौम सत्तेसाठी ‘माना’ हा शब्दही वापरला होता. सुमारे चार वर्षांनी तो करारात आला नाही. ‘तुमची माना राणीला द्या’ असं म्हटलं असतं, तर सही कुणी केली असती?

दुसऱ्या कलमात याच्या उलट घडलं. इंग्रजीत जमिनी, जंगलं आणि मासेमारीचा निर्वेध ताबा माओरींकडे राहील, एवढंच आश्वासन होतं. माओरीत मात्र आपली जमीन, गावं आणि सगळी मोलाची ठेव यांवर ‘तिनो रांगातिरातांगा’ राहील असं आलं. रांगातिरा म्हणजे सरदार. तेव्हा हे झालं पूर्ण सरदारपण. प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या राज्यासाठी हाच शब्द आहे. म्हणजे माओरी मजकुरानुसार राणीला कारभार मिळाला आणि राज्य सरदारांकडेच राहिलं.

५ तारखेच्या सभेत ते केमारा या सरदाराने नेमक्या याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: गव्हर्नर आणि आम्ही बरोबरीचे असू तर ठीक, तो वर आणि आम्ही खाली हे चालणार नाही. ६ फेब्रुवारीला होने हेकेने पहिली सही केली. पुढे देशभर फिरून सुमारे ५४० सह्या झाल्या. काहींनी नावाऐवजी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची नक्षी काढली. इंग्रजी प्रतीवर सह्या झाल्या फक्त ३९. तरी पुढचं राज्य चाललं ते इंग्रजी प्रतीवर.

कारभाराच्या घरात माओरींना दारही अरुंदच मिळालं. मतदानाला वैयक्तिक मालकीची जमीन लागायची आणि माओरींची जमीन सामायिक. म्हणून १८६७ साली त्यांच्यासाठी संसदेत चार जागा राखल्या. लोकसंख्येच्या हिशेबाने १४ ते १६ मिळायला हव्या होत्या. १८७७ साली एका न्यायाधीशाने करार शून्यवत ठरवला. कराराचे मूळ कागद सरकारी तळघरात पडून राहिले आणि १९०८ साली हाती लागले, तेव्हा ते पाण्याने भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले होते.

माओरींनी मात्र करारातला शब्द सोडला नाही. मोर्चे निघाले, १९७५ साली कराराविषयीच्या तक्रारी ऐकणारं वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. २०१४ साली त्याने निष्कर्ष दिला, की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या सरदारांनी सार्वभौमत्व दिलंच नव्हतं. २०२४ साली कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करणारं विधेयक आलं, तेव्हा हजारो लोक चालत वेलिंग्टनला संसदेवर गेले. १० एप्रिल २०२५ रोजी ते विधेयक ११ विरुद्ध ११२ मतांनी फेटाळलं गेलं.

भाषांतर घाईत झालं, हे खरं. पण त्या घाईची किंमत सही करणाऱ्यांनी का मोजायची? करार म्हणजे दोघांनी मान्य केलेला शब्द. माओरी सरदारांपुढे जो वाचला गेला आणि ज्याखाली त्यांनी आपल्या चेहऱ्याची नक्षी काढली, तो शब्द कावानातांगा होता. त्यांनी कारभार दिला होता. राज्य दिलं नव्हतं.