फरशीखालून गळणारी ऊब

अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोकांची घरे कारखान्यात बांधली जातात आणि चाकांवरून ओढत आणून जागेवर बसवली जातात. ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ या नावाने ओळखली जाणारी ही घरे अल्प उत्पन्नाची कुटुंबे व निवृत्त वृद्ध यांचा मोठा आधार आहेत. हिवाळ्यात मात्र यातील अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. हीटर अखंड चालू असतो, बिल चढत जाते आणि तरीही घराचा अर्धा भाग गारठलेला राहतो. संशय हीटरवर घेतला जातो. दोष मात्र पुष्कळदा फरशीखालच्या, वर्षानुवर्षे कोणी न पाहिलेल्या डक्टमध्ये असतो.

घराच्या पोटातील रचना

पोलादी चासीवर उभारलेल्या या घरांना १५ जून १९७६ पासून केंद्रीय गृहनिर्माण व नागरी विकास खात्याची बांधकाम संहिता लागू आहे. हीटरची भट्टी बहुधा कपाटाएवढ्या जागेत असते आणि ती गरम हवा खाली ढकलते. तेथून पत्र्याची मुख्य डक्ट फरशीखाली घराच्या लांबीभर जाते व खोल्यांतील जाळ्यांमधून हवा वर येते. डक्टभोवती काचतंतूंचा उष्णतारोधक थर असतो आणि सर्वांत खाली तो थर तोलून धरणारे आवरण. या भागाला ‘बेली’, म्हणजे घराचे पोट, म्हणतात. दोन भाग जोडून केलेल्या घरात दोन्हीकडच्या डक्टना जोडणारी ‘क्रॉसओव्हर डक्ट’ बहुधा या आवरणाच्या बाहेर, जमिनीजवळून जाते.

सर्वाधिक हानी याच जोडनळीची होते. ती जमिनीवर लोळू लागली की ओल शोषते, उंदीर-घुशी ती कुरतडतात आणि कधी ती टोकाकडून निसटते. मग अर्ध्या घराची गरम हवा थेट मातीवर सोडली जाते.

नुकसान दुहेरी

सर्वसाधारण अमेरिकी घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीमुळे वाया जाते, असा ‘एनर्जी स्टार’ या सरकारी कार्यक्रमाचा अंदाज आहे. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. भट्टी घरातलीच हवा ओढून घेते. तिच्यातील काही हवा बाहेर गळाली की घरातील दाब कमी होतो आणि फटींमधून बाहेरची थंड हवा आत खेचली जाते. न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे डक्टमधील दाब वाढून गळतीच वाढते.

तपासणी कशी करावी?

हिवाळ्यापूर्वी पंखा चालू ठेवून प्रत्येक जाळीवर पातळ कागद धरावा. एखाद्या ठिकाणी तो जेमतेम हलत असेल, तर त्या बाजूला गळती किंवा अडथळा असण्याची शक्यता असते. त्यानंतर पंखा बंद करून जाळी काढावी आणि आरसा व विजेरीच्या साहाय्याने आतील सांधे पाहावेत. जाळीचा गळा व मुख्य डक्ट यांचा सांधा, डक्टची दोन्ही टोके आणि भट्टीखालचा जोड ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. यातील बरेच सांधे वरूनच बंद करता येतात.

घराखाली उतरण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा. घराचे आधारखांब खचलेले वा कललेले दिसल्यास खाली जाऊच नये. हातमोजे व मुखपट्टी आवश्यक आहे. उंदरांची विष्ठा कोरडी झाडू नये. हंटाव्हायरसचा धोका असल्याने ती जंतुनाशकाने भिजवून मगच उचलावी.

चिकटपट्टीचा भ्रम

‘डक्ट टेप’ या नावाने विकली जाणारी कापडी चिकटपट्टी डक्टच्या सांध्यांवर टिकत नाही. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांतून १९९८ मध्ये हेच दिसून आले. पर्याय आहे मॅस्टिक, म्हणजे ब्रशने लावायचा घट्ट लेप. मोठ्या फटीवर काचतंतूंची जाळी ठेवून त्यावर लेप द्यावा.

जोडनळीचे आतले अस्तर धातूच्या गळ्यावर पट्ट्याने घट्ट आवळावे, तिची जास्तीची लांबी कापावी आणि रुंद पट्ट्यांनी ती जमिनीपासून उचलून टांगावी. अरुंद तारेने ती दबते व हवा अडते. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरल्यास ओल बरीच कमी होते.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. पाण्याचे नळही बहुधा याच पोटातून जातात आणि गळणारी ऊब त्यांना नकळत गोठण्यापासून वाचवत असते. गळती बंद करून आवरणाची छिद्रे तशीच ठेवली, तर पहिल्याच कडाक्याच्या थंडीत नळ फुटू शकतात. त्यामुळे डक्ट, उष्णतारोधक थर आणि आवरण यांची दुरुस्ती एकत्रच करावी.

ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी केंद्रीय ऊर्जा खात्याच्या निधीतून राज्ये ‘वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम’ राबवतात. १९७६ च्या कायद्याने सुरू झालेल्या या कार्यक्रमात पात्र अल्प उत्पन्न कुटुंबांना शुल्क द्यावे लागत नाही. तेथील तंत्रज्ञ यंत्राने दाब मोजून गळतीची जागा शोधतात. अर्ज करताना डक्ट व बेली या दोन्हींची तपासणी मागितल्यास दुरुस्ती अर्धवट राहत नाही.