मटका : कापसाच्या भावातून आलेला आकडा

परभणी जिल्ह्यातील सेलू ही कापसाची पेठ. मटक्याचा उगमही कापसातच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद भावांवर मुंबईत आकडे लागत. तो आधार तुटल्यावर १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळी मटका सुरू केला. पुढे चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले. मडक्याचे नाव तेवढे उरले.

तीन पत्त्यांच्या बेरजेतील शेवटचा अंक म्हणजे ‘ओपन’. २, ५, ६ आल्यास बेरीज १३, म्हणून ३. दुसऱ्या सोडतीचा अंक ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. एका अंकाला साधारणतः नऊपट, जोडीला नव्वदपट रक्कम मिळते. दहाही अंकांवर दहा-दहा रुपये लावले, तरी शंभराचे नव्वदच हाती येतात. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यान्वये मटका गुन्हा आहे; बुकीने पैसे नाकारल्यास न्यायालयात दादही मागता येत नाही.